कानावरची उर्दू, कागदावरची फ्रेंच

परकी भाषा अवघड जाते ती व्याकरणामुळे, असे सर्रास म्हटले जाते. मराठवाड्यातल्या घनसावंगीच्या मुलखाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. 1880 च्या दशकात तिथल्या सरकारी कारभारात फारसीच्या जागी उर्दू आली. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने वरचे शिक्षणही उर्दूतून दिले. बाजारात कानावर पडे ती मात्र दखनी, म्हणजे दख्खनची बोली उर्दू. ‘मैं रोटी खाया’ हे दखनीत बिनचूक, तर पुस्तकी उर्दूत ‘मैंने रोटी खाई’ लिहावे लागे. गंमत अशी, की ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला यातले पुस्तकी रूपच घरचे. भाकरी स्त्रीलिंगी म्हणून क्रियापदही स्त्रीलिंगी, हे त्याला शिकवायला नको. अडचण नियमाची नव्हती. कानाने एक घ्यायचे आणि कागदावर दुसरे उतरवायचे, ही होती.

फ्रेंच शिकणाऱ्या मराठी माणसाची गत याच्या उलट. त्याच्या हाती आधी पुस्तक येते, बोलणारा माणूस फार उशिरा, कधी येतच नाही. उर्दू शेजारची आणि फ्रेंच सातासमुद्रापारची, तेव्हा ही तुलनाच गैरलागू, असे कोणी म्हणेल. शब्दांपुरते ते खरेच आहे. पण क्रियापद लिंग-वचनाप्रमाणे बदलणे मराठीला नवे नाही: तो गेला, ती गेली, ते गेले, त्या गेल्या. फ्रेंचमध्येही या अर्थाची चार रूपे लिहिली जातात, पण चारींचा उच्चार एकच, ‘आले’. (गेल्याला ‘आले’ म्हणणारी भाषा, हा भाग निराळा.) ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ ही दोन्ही वाक्ये ‘ईल पार्ल’ अशीच ऐकू येतात. उलट, एरवी मुके असलेले शेवटचे व्यंजन पुढे स्वर आला की बोलू लागते: ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘लेझामी’, म्हणजे मित्र. पुस्तकावर डोळे पोसलेल्याला इथे शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही. मराठीत लिंग-वचनाची जुळणी कानाला कळते, फ्रेंचमध्ये ती बरीचशी डोळ्यांसाठी असते. म्हणूनच जन्मापासून फ्रेंच बोलणारी शाळकरी मुलेही श्रुतलेखनात नेमकी या न ऐकू येणाऱ्या शेवटांपाशीच चुकतात.