धोटा आणि धागा

विनयपिटकाच्या सुत्तविभंगात विणकराच्या शिल्पाची गणना ‘हीन’ शिल्पांत आढळते. त्यावरून भिक्खूला हिणविणे मात्र पाचित्तिय दोष मानला आहे. मुंबईच्या गिरण्यांत हेच शिल्प अधिक मजुरीचे झाले आणि अस्पृश्यांस त्याचे दार बंद झाले. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढावा लागे. त्याच धोट्यास सवर्णाचे ओठ कसे लागावेत? रिंग खात्यात त्यांचे हात बिनदिक्कत चालत! ही बंदी प्रामुख्याने शेजारच्या मागावरील सोबत्यांची होती. म्हणूनच १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ती मालकांपुढे नव्हे, संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडली: सर्व खाती खुली करण्याची मागणी नसेल, तर आमचे कामगार संपात नाहीत. पुढाऱ्यांनी ती मोठ्या नाखुशीने आपल्या मागण्यांत घातली.