धाकट्याचं थोरपण

लहानपणी श्रीरामपूरच्या घरी आमच्याकडे रुबिक क्यूब होता. तो कधीच सुटला नाही. शेवटी दादाने आणि मी स्टिकर सोलून रंग जुळवले आणि अण्णांची शाबासकी घेतली!

परवा भाचीने तिचा दोन-बाय-दोनचा क्यूब हातात दिला. म्हटलं, हे काय, बाळ! पण इतिहासात बाळच थोरलं निघालं. अमेरिकेतल्या लॅरी निकोल्सने चुंबकांनी जोडलेल्या दोन-बाय-दोनचं पेटंट १९७२ मध्ये मिळवलं; रुबिकचा क्यूब बुडापेस्टमध्ये झाला १९७४ मध्ये.

याला मधले तुकडेच नाहीत, नुसते आठ कोपरे. तरी मांडण्या ३६,७४,१६०! कसाही विस्कटा, ११ फिरक्या पुरतात म्हणे. मला दोन संध्याकाळी लागल्या. असो.

सुटल्यावर अण्णांना दाखवावासा वाटला. ते आता नाहीत. दादाला फोन केला, तर म्हणाला, "स्टिकर शाबूत आहेत ना?"