हैदराबादच्या घरांची जमीन

1591 मध्ये वसलेले हैदराबाद ग्रॅनाइटच्या खडकावर उभे आहे. किल्ल्याच्या तटाला हा दगड उत्तम, पण घराच्या जमिनीला गैरसोयीचा. त्याच्या पातळ लाद्या सहज सुटत नाहीत, आणि हाताने टाचून सपाट करणे सामान्य घरमालकाला परवडणारे नव्हते. त्यामुळे ऐपतदार घरांत चुन्याचा कोबा असे आणि इतरत्र शेणाने सारवलेली माती. बैलाने फिरवलेल्या घाणीत मळलेला चुना पसरून तो लाकडी चोपण्याने चोपत. चोपण्यात हयगय झाली की कोब्याला भेगा पडत.

हे चित्र रेल्वेने बदलले. मुंबईहून रायचूरकडे जाणारा लोहमार्ग 1871 मध्ये पुरा झाला. त्यावर गुलबर्ग्यापुढे शहाबाद लागते. 1874 मध्ये वाडी–सिकंदराबाद मार्ग सुरू झाला. त्यावर, हैदराबादच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, तांदूर आहे. दोन्ही गावे निजामाच्या राज्यातली, आणि दोन्हींच्या पोटात भीमा खोऱ्यातला थराथरांचा चुनखडक. थराच्या रेघेवर पाचर ठोकली की सरळ लादी सुटते, करवतीची गरज फक्त कडांना. शहाबादची राखाडी-निळसर आणि तांदूरची निळी-पिवळी फरशी हैदराबादेत आली. शहाबादी तर त्याच रुळांवरून सोलापूर, पुणे, मुंबईपर्यंत पोचली आणि मराठी घरांत इतकी मुरली की ती निजामाच्या मुलखातली हे कोणाच्या ध्यानीमनीही राहिले नाही.

या फरशीची खरी सोय तिच्या पाठीत होती. पाठ ओबडधोबड असली तरी बिघडत नसे. गवंडी मसाल्याचा जाड थर घालून दोरी धरी, लादी ठोकून पातळीत आणी आणि मग दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, भरी. खालच्या जमिनीतले उंचसखल मसाल्यात लपून जाई.

1908 च्या मुसी नदीच्या महापुरानंतर, 1912 मध्ये, शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले आणि नव्या वस्त्या आखल्या जाऊ लागल्या. शहाबादलाच 1920 च्या दशकात सिमेंटचा कारखाना निघाला. म्हणजे ज्या दगडाने कोबा मागे सारला, त्याच दगडाच्या सिमेंटने पुढे चुनाही मागे सारला. सिमेंटबरोबर नक्षीच्या टाइल्स आल्या, मग संगमरवरी खड्यांची मोझॅक आणि 1990 नंतर व्हिट्रिफाइड टाइल्स.

विनाइल मात्र घरात येण्याआधी सार्वजनिक जागांत रुळले. अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी 1926 मध्ये पीव्हीसी, म्हणजे विनाइलचे मूळ प्लास्टिक, मऊ करण्याची रीत शोधली. पुढे रेल्वेचे डबे, दवाखाने आणि कार्यालये यांच्या जमिनी विनाइलने झाकल्या. घरांत आधी आले ते गुंडाळीचे स्वस्त विनाइल, भाड्याच्या खोलीतली खराब फरशी झाकण्यापुरते. त्याची किनार उचलते, पलंगाच्या पायाखाली खड्डा पडतो. लाकडासारख्या छापाच्या, एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्या ही त्याची अलीकडची, महाग पिढी. त्यांपैकी एसपीसी नावाच्या प्रकाराच्या गाभ्यात चुनखडकाची पूड पीव्हीसीपेक्षा जास्त असते.

जुन्या शहाबादीवर या पट्ट्या तोडफोड न करता बसतात, हे त्यांचे मोठे आकर्षण. पण दगडाने जे माफ केले ते चार-पाच मिलिमीटरची पट्टी करत नाही. फरशीत उंचवटा राहिला तर सांधा निखळतो, म्हणून दोन मीटरच्या पट्टीखाली साधारण तीन मिलिमीटरहून जास्त फरक चालत नाही. रिकाम्या दर्जा भरून, लागेल तिथे समपातळी करणारा सिमेंटचा थर ओतावा लागतो. तळमजल्यावर ओल वर येत असेल तर आधी तिचा बंदोबस्त, कारण शहाबादीच्या सांध्यांतून सुकणारी ओल विनाइलखाली कोंडते आणि कुबट वास धरते.

निवडताना छापापेक्षा वरचा झिजेचा थर पाहावा. घराला 0.3 मिलिमीटर पुरतो, दुकानाला 0.5 च्या पुढचा लागतो. हैदराबादचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो; त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीखाली पट्ट्या फुगून उचलण्याची शक्यता अधिक. भिंतीकडेने सात-आठ मिलिमीटरची फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकतात, आणि पट्ट्यांच्या पेट्या, बसवण्याआधी दोन दिवस, त्याच खोलीत ठेवतात. न्हाणीघर, अंगण आणि गच्चीत मात्र या पट्ट्या सहसा जात नाहीत. तिथे तांदूर आणि शहाबाद अजून टिकून आहेत.