खेळाडू दिसतो, पण कोणाला?

‘खेळाडू निवडीची मोबाइल ॲप’ असा विषय घेतला की पहिला आक्षेप ठरलेला: ॲप कालपरवाचं, त्याचा इतिहास कसला? अशा वेळी प्रश्न थोडा बदलून बघा. ॲप खेळाडूला दूरच्या निवडकर्त्यापर्यंत पोचवतं. मग ॲप नव्हतं तेव्हा हे काम कोण करायचं? इतिहास इथून सुरू होतो.

अमेरिकेत खेळाच्या जोरावर कॉलेजची शिष्यवृत्ती मिळते, म्हणून तिथे शाळकरी खेळाडूला कॉलेजच्या प्रशिक्षकाशी जोडून देणं हा मोठा धंदा आहे. आपल्याकडे शोध घेणारे मुख्यतः सरकार, सैन्यदल, रेल्वे आणि पोलीस.

उदाहरणाला भोर तालुक्यातलं सारोळे घ्या. पुणे-सातारा महामार्गावरचं गाव. याच रस्त्याने दक्षिणेला कराड लागतं. कराडला लागूनच गोळेश्वर, खाशाबा जाधवांचं गाव. त्यापुढे कोल्हापूर. उत्तरेला याच महामार्गावर बालेवाडीचं क्रीडासंकुल. निवडीच्या दोन पद्धती एकाच रस्त्यावर सापडतात.

पहिली पद्धत ओळखीची. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा खाशाबांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. १९५२ ला हेलसिंकीसाठी पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. निवडणाऱ्यानं इथे पोराला जवळून पाहिलं होतं आणि स्वतःचं काही पणालाही लावलं होतं. पण त्यासाठी पोरगा त्या कॉलेजात, त्या माणसाच्या नजरेसमोर असावा लागायचा. जो नव्हता, तो राहिला.

दुसरी पद्धत नोंदणीची. २८ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारनं क्रीडा प्रतिभा शोध पोर्टल सुरू केलं: माहिती, कामगिरी आणि व्हिडिओ स्वतःच टाकायचे. २७ फेब्रुवारी २०१९ ला ‘खेलो इंडिया’ ॲप आलं. त्यात मैदानं कुठे आहेत, खेळाचे नियम काय, स्वतःची तंदुरुस्ती कशी तपासायची, हे सगळं.

वरवर पाहता ओळखीची गरज संपली. पण जरा थांबा. सारोळ्यासारख्या गावात आठवीतल्या मुलीचा धावतानाचा व्हिडिओ कोण काढणार? फॉर्म कोण भरणार? बहुतेक वेळा पीटीचे सर, नाहीतर मोठा भाऊ. म्हणजे मधला माणूस गेलेला नाही, फक्त तो दिसेनासा झालाय. आणि ज्या मुलीला असा माणूस नाही, ती यादीतच येत नाही.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना किती जणांनी ॲप डाउनलोड केलं, या आकड्यापासून सुरुवात करू नका. तो आकडा आत आलेल्यांचा असतो, बाहेर राहिलेल्यांचा नाही. शाळेचं क्रीडा रजिस्टर आणि तालुका स्पर्धेच्या याद्या मिळवा, त्या नोंदणी केलेल्यांशी ताडून बघा. गळालेल्या मुलामुलींना भेटा. पीटीच्या सरांची मुलाखत घ्या. खर्डेकरांचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण ती गोष्ट लोकांनी सांगत ठेवली. आजच्या सरांची गोष्ट कोणी विचारली नाही, तर ती कोणत्याच सर्व्हरवर सापडणार नाही.