पेशींनाही 'नळ' असतात? अ‍ॅक्वापोरिन म्हणजे काय आणि ते बिघडले तर कोणते आजार होतात?

आपली दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. लघवीवाटे बाहेर पडतं ते मात्र जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचं पाणी शरीर परत शोषून घेतं.

पण हे पाणी पेशींमधून इतक्या झपाट्याने पलीकडे जातं कसं? प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. तेल आणि पाण्याचं किती जमतं, ते आपण रोज स्वयंपाकघरात बघतोच.

याचं उत्तर अ‍ॅक्वापोरिन नावाच्या प्रथिनांमध्ये आहे. पेशीच्या आवरणात बसवलेले हे जणू पाण्याचे नळ. ते सापडले योगायोगाने, पण त्यांच्यामुळे काही गंभीर आजारांचं निदान आणि उपचार बदलले.

अ‍ॅक्वापोरिनचा शोध कसा लागला?

१९८०च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. पीटर अ‍ॅग्रे यांची टीम रक्तगटाच्या आरएच घटकावर काम करत होती. म्हणजे आपण रक्तगट सांगताना 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' म्हणतो, तो घटक. लाल रक्तपेशींमधून त्याचं प्रथिन वेगळं करताना नमुन्यात दुसरंच एक लहान प्रथिन वारंवार येत होतं. आधी ती भेसळ वाटली.

पण ही भेसळ फारच जास्त होती. एकेका लाल रक्तपेशीत या प्रथिनाच्या सुमारे दोन लाख प्रती होत्या. मूत्रपिंडातही ते भरपूर होतं. एवढ्या मोठ्या संख्येने असलेलं हे प्रथिन करतं काय, ते कुणालाच माहीत नव्हतं. अ‍ॅग्रे यांचे जुने मार्गदर्शक जॉन पार्कर यांनी सुचवलं, की शास्त्रज्ञ ज्याच्या मागावर आहेत तो पाण्याचा मार्ग कदाचित हाच असेल.

त्याची परीक्षा झाली बेडकाच्या अंड्यांवर. ही अंडी गोड्या पाण्यात राहतात, पण पाणी सहजासहजी आत घेत नाहीत. टीमने काही अंड्यांमध्ये हे प्रथिन तयार करण्याची जनुकीय सूचना टोचली आणि ती पाण्यासारख्या पातळ द्रावणात सोडली. साध्या अंड्यांना विशेष काही झालं नाही. सूचना टोचलेली अंडी मात्र काही मिनिटांत फुगली आणि फुटली. १९९२ मध्ये हा निष्कर्ष 'सायन्स' या नियतकालिकात आला. पुढे या प्रथिनाला अ‍ॅक्वापोरिन-१ हे नाव मिळालं. २००३ मध्ये अ‍ॅग्रे यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या वर्षीचे दुसरे मानकरी होते रॉडरिक मॅकिनन. त्यांचं काम क्षारांचे आयन वाहून नेणाऱ्या मार्गांवर होतं.

या नोबेलवरून वादही झाला. रोमानियातल्या क्लुज शहरात घोर्घे बेंगा यांच्या गटाने १९८६ मध्येच लाल रक्तपेशींमधल्या अशा प्रथिनाकडे बोट दाखवलं होतं. त्यांच्या कामाची दखल घेतली गेली नाही, असं त्यांच्या समर्थकांचं म्हणणं आहे.

हा नळ काम कसा करतो?

अ‍ॅक्वापोरिनचा आकार वाळूच्या घड्याळासारखा असतो. दोन्ही तोंडं रुंद आणि मधला गळा अरुंद. हा गळा पाण्याच्या एका रेणूपेक्षा किंचितच मोठा असतो. त्यामुळे रेणू एकामागोमाग एक, रांगेत जातात. तरीही वेग इतका, की एका नळातून सेकंदाला सुमारे तीन अब्ज रेणू पार होतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा नळ निवडक आहे. क्षार त्यातून जात नाहीत. आम्लता ठरवणारे प्रोटॉनही जात नाहीत. एरवी प्रोटॉन पाण्याच्या एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत पुढे सरकतात. पण या गळ्याच्या मध्यावर पाण्याच्या रेणूची दिशा फिरते आणि ती साखळी तुटते. तसं झालं नसतं, तर पेशीच्या आतबाहेरचा आम्लतेचा तोल टिकलाच नसता.

माणसाच्या शरीरात १३ प्रकारचे अ‍ॅक्वापोरिन आहेत. काही फक्त पाणी नेतात, काही ग्लिसरॉलसारखे छोटे रेणूही नेतात. डोळ्यांच्या भिंगात अ‍ॅक्वापोरिन-० असतं. त्याच्या जनुकात दोष असेल तर जन्मतः किंवा लहान वयातच मोतीबिंदू होऊ शकतो. लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींमध्ये अ‍ॅक्वापोरिन-५ असतं.

विशेष म्हणजे, अ‍ॅक्वापोरिन-१ अजिबात नसलेली मोजकी माणसंही जगात सापडली आहेत. ती एरवी ठीकठाक जगतात. मात्र पाणी न पिता राहावं लागलं, तर त्यांची मूत्रपिंडं इतरांइतकी घट्ट लघवी तयार करू शकत नाहीत.

दिवसाला १५-२० लिटर लघवी का होते?

मूत्रपिंडात गाळलेलं बरंचसं पाणी अ‍ॅक्वापोरिन-१ परत आणतं. शेवटचा हिशेब मात्र अ‍ॅक्वापोरिन-२ कडे असतो. शरीरात पाणी कमी झालं की मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं. हा निरोप मिळताच पेशीच्या आत साठवलेले अ‍ॅक्वापोरिन-२ चे नळ आवरणावर येऊन बसतात आणि पाणी वाचवलं जातं. पोटभर पाणी प्यायलो की संप्रेरक घटतं आणि नळ पुन्हा आत ओढले जातात. सकाळी उठल्यावर लघवी गडद दिसते, ती याच यंत्रणेमुळे.

ही यंत्रणा बिघडली, तर रुग्णाला दिवसाला १५-२० लिटरपर्यंत लघवी होऊ शकते आणि तेवढंच पाणी प्यावं लागतं. या आजाराचं नाव डायबेटिस इन्सिपिडस. साखरेच्या मधुमेहाशी त्याचा संबंध नाही. मधुमेहात लघवी गोड असते, इथे बेचव. 'इन्सिपिडस' या लॅटिन शब्दाचा अर्थच बेचव. नावातल्या या साम्यामुळे रुग्णालयांतही गल्लत होते. रुग्णाला साखरेचा मधुमेह आहे असं समजून त्याचं अत्यावश्यक औषध चुकण्याचा धोका असतो. म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने हे नाव बदलण्याची शिफारस केली.

या आजाराच्या एका प्रकारात संप्रेरक असतं, पण मूत्रपिंड त्याला दाद देत नाही. १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशा एका रुग्णात थेट अ‍ॅक्वापोरिन-२ च्या जनुकातला दोष शोधून काढला. आनुवंशिक रुग्णांपैकी बहुतेकांमध्ये दोष संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनात असतो, तर सुमारे १० टक्क्यांमध्ये खुद्द नळात.

तान्ह्या बाळांमध्ये हा आजार जास्त धोक्याचा असतो. बाळाला तहान सांगता येत नाही. वारंवार ताप येतो, वजन वाढत नाही, शरीर कोरडं पडतं. आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. भरपूर पाणी, कमी मीठ आणि थायाझाइड गटातली औषधं यांवर भिस्त असते. गंमत म्हणजे थायाझाइड एरवी लघवी वाढवण्यासाठी देतात, या रुग्णांमध्ये मात्र त्यांनी लघवी कमी होते.

मोठ्यांमध्ये हाच त्रास औषधामुळेही होऊ शकतो. बायपोलर आजारावर दिलं जाणारं लिथियम दीर्घकाळ घेतल्यावर मूत्रपिंडातलं अ‍ॅक्वापोरिन-२ कमी होतं. लिथियम घेणाऱ्यांना सतत तहान लागत असेल, तर डॉक्टरांना सांगायला हवं. गोळी परस्पर बंद करणं मात्र धोक्याचं.

शरीरच नळावर हल्ला करतं तेव्हा

अ‍ॅक्वापोरिनच्या संशोधनाचा रुग्णांना सर्वांत मोठा फायदा झाला तो एनएमओ म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आजारात. १८९४ मध्ये फ्रान्समधले डॉक्टर युजेन देविक यांनी त्याचं वर्णन केलं होतं. डोळ्याच्या नसेला आणि मज्जारज्जूला सूज येते, दृष्टी जाते, हातपाय लुळे पडतात. शंभर वर्षं बहुतेक डॉक्टर याला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएसचाच एक प्रकार मानत होते.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. व्हांडा लेनन यांच्या टीमने या रुग्णांच्या रक्तातला एक वेगळा घटक पकडला. रुग्णांच्या रक्तातल्या अँटिबॉडी उंदराच्या मेंदूतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवती चिकटत होत्या. एमएसच्या रुग्णांमध्ये असं दिसत नव्हतं. हा निष्कर्ष २००४ मध्ये आला. या अँटिबॉडींचं लक्ष्य अ‍ॅक्वापोरिन-४ आहे, हे २००५ मध्ये स्पष्ट झालं. मेंदूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट या आधार देणाऱ्या पेशींवरचा हा पाण्याचा नळ. रोगप्रतिकारशक्ती त्यालाच शत्रू समजून हल्ला करते.

हा फरक इतका महत्त्वाचा का? कारण एमएसवरची इंटरफेरॉन-बीटासारखी काही औषधं एनएमओ आणखी बिघडवू शकतात. शिवाय एनएमओच्या प्रत्येक झटक्यानंतर झालेलं नुकसान अनेकदा भरून येत नाही. एकाच झटक्यात कायमची दृष्टी जाऊ शकते. आता रक्ताच्या चाचणीने अ‍ॅक्वापोरिन-४ विरुद्धची अँटिबॉडी शोधता येते. ती सगळ्याच रुग्णांमध्ये सापडत नाही, पण सापडली तर निदान बरंचसं पक्कं होतं. हा आजार स्त्रियांमध्ये कितीतरी जास्त आढळतो.

कारण कळल्यावर नेमकी औषधंही आली. २०१९ मध्ये अमेरिकेत एक्युलिझुमॅब या औषधाला एनएमओसाठी मंजुरी मिळाली. त्याच्या चाचणीत औषध घेणाऱ्या ९६ पैकी ३ रुग्णांना पुन्हा झटका आला. औषध न मिळालेल्या गटात ४७ पैकी २० जणांना आला. २०२० मध्ये आणखी दोन औषधं मंजूर झाली. अडचण किमतीची आहे. ही नवी औषधं अतिशय महाग आहेत. त्यामुळे भारतासह अनेक देशांत रिटुक्सिमॅब, अ‍ॅझाथायोप्रिन यांसारखी जुनी, तुलनेने स्वस्त औषधं वापरली जातात.

मग नळ बंद करणारं औषध का नाही?

पक्षाघात किंवा डोक्याला मार लागल्यावर मेंदूला सूज येते. कवटीत जागा नसल्याने ती जिवावर बेतते. २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं, की अ‍ॅक्वापोरिन-४ नसलेल्या उंदरांमध्ये पक्षाघातानंतरची सूज कमी येते. मग हा नळ बंद करणारं औषध केलं की झालं, असं वाटू शकतं.

पण पुढच्या प्रयोगांत दुसरी बाजू दिसली. रक्तवाहिन्यांमधून झिरपून मेंदूत साचलेलं पाणी बाहेर काढायलाही हाच नळ लागतो. तो नसलेल्या उंदरांमध्ये अशा प्रकारची सूज उलट वाढली. म्हणजे नळ कधी बंद करायचा आणि कधी उघडा ठेवायचा, हे सुजेचा प्रकार आणि वेळ पाहून ठरवावं लागेल. त्यातच हा गळा इतका अरुंद आहे, की त्यात नेमका बसेल असा रेणू बनवणं अवघड. पारा अनेक अ‍ॅक्वापोरिन बंद करतो, हे १९९२ च्या बेडकाच्या अंड्यांवरच दिसलं होतं. पण पारा विषारी आहे.

कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये?

एका डोळ्याने अचानक अंधूक दिसू लागणं आणि डोळा हलवताना दुखणं, पायांतली ताकद किंवा संवेदना जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ही लक्षणं दिसली तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे लगेच जायला हवं. एनएमओचं आणखी एक लक्षण पटकन लक्षात येत नाही, ते म्हणजे दिवसेंदिवस न थांबणारी उचकी किंवा उलटी. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय असं आपण म्हणतो आणि सोडून देतो. पण ती दोन दिवसांहून जास्त टिकली आणि पोटाच्या तपासण्यांत काही सापडलं नाही, तर मेंदूची तपासणीही करून घ्यायला हवी. एमएसचं निदान आधीच झालं असेल आणि उपचारांनंतरही झटके वाढत असतील, तर अ‍ॅक्वापोरिन-४ अँटिबॉडीची चाचणी झाली आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.