हद्दवाढ झाली, मद्यविक्रीच्या परवान्याचे काय?

दिवा-रोहा लोहमार्गावर नागोठणे सोडले की रोह्याआधी निडी स्थानक लागते. पेण-रोहा पट्ट्यातील अशा एखाद्या गावापर्यंत उद्या नगरपरिषदेची हद्द सरकली, तर तेथील देशी दारूचे दुकान किंवा परमिट रूम यांच्या परवान्याचे काय होते, हा प्रश्न दुकानदाराइतकाच गावातील महिलांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

पहिली बाब अशी की, हद्द बदलल्याने परवाना आपोआप रद्द होत नाही. मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949 (आताचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) अन्वये परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो, ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद नव्हे. तो ठरावीक व्यक्तीच्या नावे व ठरावीक जागेसाठी असतो. जागा तीच राहिल्यास परवानाही राहतो. मात्र परवाना शुल्क स्थानिक संस्थेच्या स्वरूपावर व लोकसंख्येवर अवलंबून असल्याने नूतनीकरणाच्या वेळी शहरी दराचा भार पडू शकतो. परवान्याचे वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असे असते.

स्थलांतराची गोष्ट वेगळी. वाइन शॉप व देशी दारूच्या किरकोळ दुकानांचे नवे परवाने 1970च्या दशकापासून राज्यात जवळजवळ बंदच राहिले. त्यामुळे जुन्या परवान्यांना मोठे मोल आले आणि ते एका जागेहून दुसरीकडे हलविण्यासाठी धडपड सुरू झाली. गावात दुकान आणायचे तर ग्रामसभेचा ठराव आड येतो. गाव शहरात विलीन झाले की ग्रामसभाच उरत नाही. रायगड जिल्ह्यात याचे ठळक उदाहरण खारघरचे आहे. ग्रामपंचायतीच्या काळात दारूमुक्त म्हणून ओळखले जाणारे हे उपनगर 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महापालिकेत गेले. पुढे 2022 मध्ये एका उपाहारगृहाला परवाना मिळाला, तेव्हा रहिवाशांना रस्त्यावर उतरावे लागले.

ग्रामसभा गेली तरी मतदानाचा मार्ग मात्र शिल्लक राहतो. 2008 च्या शासन आदेशानुसार गावाप्रमाणेच शहरातील प्रभागातही 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेता येते. 'आडवी बाटली' जिंकली तर दुकान बंद होते. पण वस्तीला लागलेला हा प्रश्न शहरी प्रभागाच्या मोठ्या मतदारयादीत मांडायचा म्हणजे सह्या गोळा करण्यापासूनच कसरत.

हद्दीच्या रेषेला सर्वाधिक किंमत आली ती महामार्गामुळे. सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2016 रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. 31 मार्च 2017 रोजी 20 हजार किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांसाठी हे अंतर 220 मीटरवर आणले गेले. 2011 च्या जनगणनेत रोहा-अष्टमीची लोकसंख्या 20 हजारांच्या किंचितच वर होती, म्हणजे ही सवलत तिला थोडक्यात हुकली. अर्थात, 11 जुलै 2017 रोजी नगरपालिका हद्दीतील परवानाधारकांना मूळ आदेश लागू नसल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले आणि हा हिशेबच निरर्थक ठरला. मुंबई-गोवा महामार्गावरील माणगाव व पोलादपूर येथे तोपर्यंत नगरपंचायती झाल्या होत्या. त्याच रस्त्यावरील नागोठणे ग्रामपंचायतच राहिले. महामार्ग एकच, पण दुकानाचे भवितव्य स्थानिक संस्थेच्या पाटीवर ठरू लागले. जळगावसारख्या ठिकाणी तर शहरातील महामार्गांचाच दर्जा बदलण्याचा वाद 2017 मध्ये पेटला होता.

23 फेब्रुवारी 2018 च्या आदेशाने, शहरालगतच्या किंवा पुरेशा विकसित ग्रामपंचायत क्षेत्रांना हीच मुभा द्यावी काय, हे ठरविण्याचा अधिकार राज्यांकडे सोपविला. त्यामुळे गाव हद्दीत आले नाही तरी शहराला किती खेटून आहे, हेही पाहिले जाऊ लागले.

नगरपरिषदेच्या हद्दवाढीसाठी 1965 च्या अधिनियमानुसार आधी प्रारूप अधिसूचना निघते व हरकती मागविल्या जातात. घरपट्टी आणि पाणीपट्टी वाढेल, अशा हरकती येतात. दारू दुकानाचा उल्लेख त्यांत क्वचितच आढळतो. शैक्षणिक वा धार्मिक स्थळापासून परमिट रूमसाठीचे 75 मीटर अंतर आदी अटी मात्र जागा बदलताना नव्याने तपासल्या जातात. त्यासाठीची तक्रार जिल्हाधिकारी किंवा राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे, रायगडपुरती अलिबागला, करावी लागते.