रजोनिवृत्तीनंतर हाडांसाठी सोयाबीन किती उपयोगी?

हाडांमध्ये मोडतोड आणि बांधणी ही दोन्ही कामे आयुष्यभर चालू असतात. मोडतोड करणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन हे संप्रेरक आवर घालते. पाळी कायमची थांबताना इस्ट्रोजेन घटते, मोडतोड बांधणीच्या पुढे जाते आणि सुरुवातीच्या काही वर्षांत हाडे झपाट्याने झिजतात.

सोयाबीनचे नाव का घेतले जाते?

सोयाबीनमध्ये जेनिस्टीन आणि डेडझीन ही आयसोफ्लेव्होन गटातील द्रव्ये असतात. त्यांची रचना इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती असते, पण परिणाम बराच सौम्य असतो. डेडझीनपासून इक्वॉल हे अधिक प्रभावी द्रव्य तयार करणारे जिवाणू प्रत्येकाच्या आतड्यात नसतात. त्यामुळे एकाच आहाराचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही.

संशोधन काय सांगते?

निकाल परस्परविरोधी आहेत. इटलीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ५४ मिलिग्रॅम जेनिस्टीन घेणाऱ्या महिलांच्या हाडांची घनता दोन वर्षांत वाढली. अमेरिकेतील २०११ च्या चाचणीत मात्र रोज २०० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन दोन वर्षे घेऊनही झीज रोखली गेली नाही. दोन्ही चाचण्या गोळ्यांच्या होत्या, रोजच्या जेवणाच्या नव्हत्या.

ताटात काय असावे?

सोयाबीनच्या रिफाइंड तेलात आयसोफ्लेव्होन जवळपास नसतातच. ती भिजवून शिजवलेले सोयाबीन, सोया वडी किंवा टोफूतून मिळतात. यातून प्रथिनेही मिळतात, म्हणून आहारात सोया असणे चांगलेच. पण ते औषधाची जागा घेत नाही. रजोनिवृत्तीनंतर रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घ्यावे, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस आहे. दूध, दही आणि नाचणी यांतून त्याचा बराच भाग भरून निघतो. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सोबत ड जीवनसत्त्व, चालणे आणि झेपेल तेवढे वजन उचलण्याचा व्यायामही हवा.

काळजी कोणी घ्यावी?

थायरॉइडची गोळी आणि सोयाचे पदार्थ यांत काही तासांचे अंतर ठेवावे, कारण सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही. स्तनाचा कर्करोग झालेल्या महिलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या घेऊ नयेत. उंची कमी होणे, पाठीला बाक येणे किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडणे ही हाडे ठिसूळ झाल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांच्या सल्ल्याने डेक्सा तपासणी करून घ्यावी.